खरखरीच्या आतला गज

शुबर्टच्या अखेरच्या, जी मेजरमधल्या स्ट्रिंग क्वार्टेटच्या सुरुवातीलाच जोरकस फटकारे येतात. ते ओसरले की वादक आपले गज तारांवर इतक्या जलद आणि इतक्या हलक्या हाताने थरथरवू लागतात, की त्यातला सूर कुठे संपला आणि नुसती सरसर कुठे सुरू झाली हे समोर बसून ऐकतानाही सांगता येऊ नये. त्या थरथरीवर पहिलं व्हायोलिन जपून पावलं टाकत चालू लागतं. थोड्या वेळाने तीच चाल चेलो उचलतो.

बुश क्वार्टेटने १९३८ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ही रचना ध्वनिमुद्रित केली. ती बाहेर आली मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर, आणि अशा प्रत्येक तबकडीला तिची स्वतःची सरसर असते. शुबर्टची थरथर आणि तबकडीची सरसर ध्वनीच्या एकाच पट्ट्यात येऊन बसतात. संगणकाला ‘सरसर काढून टाक’ असं सांगितलं तर तो इमानाने काढतो, आणि तिच्याबरोबर थरथरणारे वादकही निघून जातात.

या अंकासाठी संपादकांनी जुन्या वस्तूंच्या नव्या आयुष्यावर लिहायला सांगितलं, तेव्हा माझ्या डोक्यात हीच जागा आली. या मुद्रणाच्या दोन वेगवेगळ्या नव्या आवृत्त्या माझ्याकडे होत्या. एकीत वादक खोलीत बसलेले वाटत, दुसरीत जाड काचेपलीकडे. मूळ वादन एकच, तबकडीही बहुधा एकच. मग फरक कुठे पडतो? तो बघायला मी लंडनबाहेरच्या एका लहान गावात गेले. तिथे एक निवृत्त ध्वनितंत्रज्ञ घराच्या मागच्या खोलीत हेच काम करतात. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं असलेल्या तबकड्या स्वच्छ केल्या, आणि आपलं नाव छापू नये असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मेणावरची चार मिनिटं

१९२५च्या आधी वादक भोंग्यासमोर दाटीवाटीने बसत. भोंग्यात शिरलेल्या आवाजाच्या बळावरच सुई मेणात खाच कोरायची. चेलोच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा सूर सेकंदाला सुमारे ६५ कंपनांचा असतो. भोंग्याची पोच तिथपर्यंत नव्हती. तरीही त्या काळच्या तबकड्यांमध्ये चेलोचा खर्ज असल्यासारखा वाटतो, कारण वरचे स्वयंभू स्वर ऐकून मेंदू त्यांचा पाया स्वतःच भरून काढतो. मायक्रोफोन आला आणि चार वाद्यं पहिल्यांदाच थोडी सैल होऊन बसली.

ॲबी रोडचा स्टुडिओ नोव्हेंबर १९३१ मध्ये सुरू झाला. बुश क्वार्टेटची त्या दशकातली बहुतेक मुद्रणं लंडनची आहेत. पहिल्या व्हायोलिनवर आडोल्फ बुश, दुसऱ्यावर गोस्टा आंद्रेआसन, व्हिओलावर कार्ल डॉक्टर आणि चेलोवर आडोल्फचे धाकटे भाऊ हेरमान. आडोल्फ बुश जन्माने जर्मन, ज्यू नव्हेत. पण १९३३ मध्ये हिटलरची सत्ता आली आणि ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला, तेव्हा त्यांनी जर्मनीतले आपले कार्यक्रम रद्द केले. त्यांना तिथे सन्मानाने राहता आलं असतं. त्यांनी ते नाकारलं. पुढे युद्धाच्या तोंडावर ते अमेरिकेला गेले. बेटोव्हनची अखेरची क्वार्टेट्स आणि शुबर्ट ही जी मुद्रणं आज आपण ऐकतो, ती अशा माणसाने त्या वर्षांत वाजवलेली आहेत, आणि मला ती ऐकताना हे विसरता येत नाही.

स्टुडिओतली पद्धत अशी. जाड मेणाची चकती आधी किंचित ऊब देऊन मऊ केलेली असे. लाल दिवा लागला की वाजवायला सुरुवात. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण चार ते साडेचार मिनिटं मावत. मधली चूक कापून दुसरा तुकडा जोडायची सोयच नव्हती. एका सुरात गडबड झाली की अख्खी बाजू पुन्हा. मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघायचं तर सुईने खाच बिघडायची, म्हणून चांगलं वाटलेलं मेण न ऐकताच कारखान्यात जायचं. तिथे त्यावर धातूचा थर चढवून उलटा साचा काढत, त्यावरून सुलटी धातूची प्रत, आणि त्या प्रतीवरून तबकड्या दाबायचे ठसे. वादकांना आपलंच वादन ऐकायला पुढे कित्येक दिवस थांबावं लागे.

ही मुद्रणं करणाऱ्या एचएमव्ही कंपनीच्या कलाकारांचा कारभार त्या वर्षांत फ्रेड गेसबर्ग बघत होते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरवणारे तेच हे गेसबर्ग.

लाख आणि दगडाची पूड

तबकडीची सरसर येते कुठून, हे समजायला आपल्याच रानात यावं लागतं. पळस, बोर आणि कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळेसारखा थर चढवतात. छोटा नागपूरपासून आपल्या गोंदियाच्या जंगलापर्यंत तो खरवडून गोळा केला जातो. सुतार फर्निचरला लावतात तो चपडा म्हणजे हीच लाख. ग्रामोफोनच्या काळात जगभरच्या कारखान्यांना ती मुख्यतः भारतातूनच जात असे. रांचीजवळ लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ साली उभी राहिली, ती याच व्यापारामुळे.

पण तबकडीत लाख असते फार तर पाव हिस्सा. उरलेली बहुतेक दगडाची बारीक पूड, थोडा कापसाचा भुगा आणि काळा रंग. पूड मुद्दाम खरखरीत ठेवत. जुन्या ग्रामोफोनचं वजनदार डोकं पोलादी सुई दाबत असे, आणि पहिल्या काही फेऱ्यांत त्या पुडीनेच सुईचं टोक घासून खाचेच्या आकाराचं व्हावं अशी योजना होती. म्हणून दर बाजूला नवी सुई. सुई झिजायची तशी खाचही झिजायची. आपण ऐकतो ती सरसर म्हणजे सुईखालून जाणारी दगडाची भुकटी आहे. ती ध्वनिमुद्रणात नव्हती, तबकडीच्या अंगातच आहे.

यामुळे कोणत्या कारखान्यातली प्रत मिळाली याला फार महत्त्व येतं. त्या तंत्रज्ञांच्या मांडणीवर एकाच बाजूच्या अनेक प्रती होत्या. इंग्लंडच्या एचएमव्हीच्या प्रतींत खरखर जास्त. त्याच साच्यावरून १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हिक्टर कंपनीने दाबलेल्या काही प्रती बऱ्याच शांत, कारण तिथलं मिश्रण वेगळं होतं. धातूची मूळ प्रत कुठे शाबूत असेल तर तिच्यावरून आज विनाइलची प्रत दाबता येते, आणि मग दगडाचा प्रश्नच उरत नाही. अशा कितीतरी धातूच्या प्रती युद्धकाळात भंगार म्हणून वितळवल्या गेल्या.

सुई बदलून बघू

खोलीत शिरताना मला वाटलं होतं की काम पडद्यावर असेल. पहिला अख्खा दिवस त्यांनी संगणक सुरूच केला नाही.

आधी धुणं. ऊर्ध्वपातित पाणी, अगदी थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश आणि मग कोरडं करणं. स्पिरिट चुकूनही लावायचं नाही, कारण सुताराचा चपडा ज्यात विरघळतो त्यातच ही तबकडीही विरघळेल. लेबल भिजू द्यायचं नाही. मग तबकडी बरोबर मध्यावर बसवायची. कारखान्यात भोक जरा जरी बाजूला पडलं असेल तर तबकडी फिरताना झुलते आणि लांब धरलेला सूर सेकंदाला १.३ वेळा वर-खाली हेलकावतो. पियानोच्या तबकडीत ते लगेच कळतं. व्हायोलिनमध्ये ते वादकाच्या बोटाच्या कंपनाशी, म्हणजे व्हायब्रॅटोशी, मिसळून जातं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वादकाचा हातच डगमगला.

नंतर त्यांनी एक चपटी डबी उघडली. आत निरनिराळ्या जाडीच्या हिऱ्याच्या सुया. एलपीच्या सुईचं टोक इंचाच्या हजाराव्या भागाएवढं, ७८च्या खाचेला साधारण तिप्पट जाड लागतं. पण ‘साधारण’ इथे उपयोगाचं नसतं. खाच उतरत्या भिंतींची असते. जुन्या पोलादी सुयांनी ती एका ठरावीक खोलीवर झिजवलेली असते. थोडी जाड सुई त्या झिजेच्या वरून जाते, टोक कापलेली बारीक सुई तिच्या खालून. शुबर्टच्या सुरुवातीचे तेच फटकारे त्यांनी एकामागून एक सुया लावून ऐकवले. पहिल्या सुईवर जोराच्या ठिकाणी आवाज फाटत होता. चौथ्या सुईवर तो फाटणं थांबला आणि व्हिओला, जी इतका वेळ नव्हतीच, ती मध्ये येऊन बसली. यात संगणकाचा काहीच वाटा नव्हता.

“जे खाचेतून उचललंच नाही ते पुढे कुठलंही यंत्र देऊ शकत नाही,” ते म्हणाले. “म्हणून मी इथे वेळ घालवतो.”

खाचेच्या दोन्ही भिंतींवर आवाज तोच असतो, पण झीज सारखी नसते. स्टिरिओची सुई लावली तर दोन भिंती वेगवेगळ्या नोंदवता येतात आणि जी बरी असेल ती घेता येते. दोन्ही चांगल्या असतील तर बेरीज करायची, म्हणजे सुईच्या वर-खाली उडण्याचा गोंगाट आपोआप वजा होतो.

वेगाचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘७८’ ही सोयीची संख्या आहे. त्या काळची यंत्रं कधी सावकाश चालत, कधी जलद. भोंग्याच्या काळातल्या काही तबकड्यांवर ८० असंच छापलेलं असे. वेग सहा टक्क्यांनी चुकला की पट्टी अर्ध्या सुराने सरकते. त्याबरोबर लयही बदलते आणि कंपनाची गतीही. रचना जी मेजरमध्ये आहे एवढं कळून भागत नाही, कारण त्या काळी लंडनचा, व्हिएन्नाचा आणि पॅरिसचा आधारस्वर तंतोतंत एक नव्हता. विजेच्या काळातल्या काही मुद्रणांत पार्श्वभूमीला वीजप्रवाहाचा बारीक गुणगुणाट उतरलेला असतो. इंग्लंडमध्ये तो ५० कंपनांचा. तो सापडला तर वेगाला पक्का आधार मिळतो. नाही सापडला तर कान, आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारांचा ओळखीचा नाद.

टिचकी वेगळी, सरसर वेगळी

दुसऱ्या दिवशी पडदा सुरू झाला. ओरखड्याची टिचकी आणि पृष्ठभागाची सरसर हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे, हे मला इथे पहिल्यांदा नीट समजलं.

टिचकी क्षणापुरती असते. आवाजाची सेकंदाला ९६,००० मापं घेतली तर एक टिचकी त्यांतली काही डझन मापं बिघडवते. आधीचा आणि नंतरचा आकार बघून मधला तुकडा भरून काढता येतो, आणि तो इतका लहान असतो की कानाला सांधा कळत नाही. हे तंत्र ऐंशीच्या दशकात ब्रिटिश ध्वनिसंग्रहालयाच्या गरजेतून केंब्रिजमध्ये वाढलं आणि ‘सीडर’ या नावाने जगभर गेलं. अडचण एवढीच की यंत्राला टिचकी आणि छेडलेली तार यांतला फरक कळत नाही. देब्युसी आणि रावेल यांच्या क्वार्टेट्समध्ये दुसरा भाग बराचसा बोटांनी तारा छेडून वाजवायचा आहे. पॅरिसच्या कापे क्वार्टेटने १९२८ च्या सुमारास दोन्ही ध्वनिमुद्रित केली. तिथे यंत्राला मोकळं सोडलं तर ते प्रत्येक छेडलेल्या तारेचं टोक बोथट करतं. माझ्या समोरच्या माणसाने तो भाग यंत्राला दिलाच नाही. एकेक टिचकी डोळ्यांनी शोधून, कानांनी खात्री करून हाताने पुसली.

सरसर मात्र क्षणापुरती नसते, ती सगळीकडे पसरलेली असते. यंत्र तबकडीच्या सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतून तिचा नमुना घेतं आणि सगळ्या वादनातून तो वजा करतं. जास्त वजा केलं की उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पण त्याआधीही एक हानी होते आणि ती लगेच लक्षात येत नाही. घोड्याच्या केसांवर राळ घासलेली असते. ती तारेला पकडते, सोडते, पकडते, आणि या ओढाताणीचा स्वतःचा एक कोरडा, खरखरीत आवाज असतो. व्हायोलिनजवळ बसलेल्या माणसाला तो सतत ऐकू येतो. गज तारेवर आला, त्याची दिशा बदलली, हात सैल पडला, हे सगळं त्या आवाजातून कळतं. यंत्राच्या दृष्टीने तो गोंगाटच. सूर राहतो, गज जातो. पहिल्या मिनिटाला असं व्हायोलिन स्वच्छ आणि गोड वाटतं. पाचव्या मिनिटाला कंटाळा येतो, आणि तो का आला हे सांगता येत नाही.

खोलीची आसही अशीच जाते. सूर थांबल्यावर भिंतींवरून परतणारा क्षीण आवाज सरसरीच्या पातळीला असतो. तो गेला की चौघं कुठेच बसलेले नसतात. काहीजण मग त्यावर कृत्रिम घुमारा चढवतात. आजच्या श्रोत्याला इयरफोनमध्ये तो सुखावतो हे मान्य, पण ॲबी रोडचा एक खरा हॉल पुसून दुसरा रंगवायचा, हे मला पटत नाही.

बाजू संपते तिथे

बेटोव्हनने १८२५ मध्ये मोठ्या आजारातून उठल्यावर ऑपस १३२ पूर्ण केलं. त्याचा मधला संथ भाग म्हणजे बरं झाल्याबद्दल ईश्वराचे मानलेले आभार. तो लिडियन पट्टीत आहे. आपल्या कानाला त्यातला तीव्र मध्यम लगेच भेटतो. बुश क्वार्टेटने १९३७ मध्ये तो इतका सावकाश वाजवला की जवळपास वीस मिनिटं लागली. म्हणजे चार-पाच बाजू. म्हणजे जगातल्या सर्वांत अखंड संगीतातल्या एका भागाचे चार-पाच तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यानंतर वादकांनी थांबायचं, नवं मेण लावेपर्यंत गप्प बसायचं आणि मग तीच शांतता पुन्हा कुठून तरी आणायची.

हे तुकडे जोडताना नुसती टोकं लावून चालत नाही. बाजू संपताना शेवटच्या सुराची आस अर्धवट तुटलेली असते. पुढची बाजू किंचित वेगळ्या पट्टीत सुरू होते, कारण यंत्र वेगळं चाललं किंवा मधल्या वेळात तारा तापल्या. सरसरही बदलते, कारण खाच तबकडीच्या मध्याकडे जाते तसा तिचा वेग कमी होतो आणि आवाज मंद होतो. नवी बाजू पुन्हा बाहेरच्या कडेवर, उजळ. कान सुरातला सांधा एक वेळ माफ करतो, सरसरीतला करत नाही. म्हणून ते तंत्रज्ञ आधी दोन्ही बाजूंच्या सरसरी एकसारख्या करतात, मग सूर जुळवतात. काही ठिकाणी वादकांनीच बाजू संपते म्हणून शेवटचे सूर थोडे लांबवलेले आहेत. ते त्यांनी तसेच ठेवले. “ते त्यांनी वाजवलंय,” एवढंच त्यांचं उत्तर.

मींड

इतका खटाटोप करून हाती काय लागतं? आजच्या क्वार्टेट्स याहून बिनचूक वाजवतात आणि त्यांचं मुद्रण लख्ख असतं.

उदाहरण आर्नोल्ड रोझेंचं. ते १८८१ पासून व्हिएन्नाच्या फिलहार्मोनिकचे पहिले व्हायोलिनवादक. त्यांच्या क्वार्टेटने शोएनबर्गच्या पहिल्या दोन्ही क्वार्टेट्स पहिल्यांदा लोकांसमोर वाजवल्या. गुस्ताव माहलर त्यांचे मेहुणे. १९२७ मध्ये, बेटोव्हनच्या मृत्यूच्या शताब्दीवर्षी, त्यांनी ऑपस १३१ ध्वनिमुद्रित केलं. ते ऐकताना आपल्याकडच्या श्रोत्याला एक गोष्ट चटकन जाणवेल. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट तारेवरून घसरत जातं आणि मधली वाट ऐकू येते, अगदी आपल्या मींडेसारखी. कंपन मात्र जपून, जवळजवळ कोरडं. कापेंच्या तबकड्यांतही तेच. शतक पुढे सरकलं तसं हे उलटं झालं: सतत कंपन आणि घसरण वर्ज्य. ब्राम्सच्या नव्या रचनांच्या पहिल्या प्रयोगांत वाजवलेल्या माणसाचा हात कसा चालायचा हे कुठल्याही छापील प्रतीत नाही, ते या खाचांमध्येच आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजसारख्या ठिकाणी संशोधकांनी अशा हजारो बाजू ऐकून हा बदल मांडला आहे, आणि काही तरुण क्वार्टेट्स आता ती घसरण पुन्हा शिकत आहेत. मींड हा बारीक, क्षणिक आवाज असतो. तो सरसरीबरोबर पुसला जाऊ नये एवढ्यासाठी हा सगळा सावधपणा.

रोझेंना पुढे व्हिएन्ना सोडावं लागलं. लंडनमध्ये १९४६ साली ते गेले. त्यांची मुलगी आल्मा, जिच्यासोबत त्यांनी बाखचा दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो ध्वनिमुद्रित केला होता, आउशवित्झच्या छावणीत स्त्रियांच्या वाद्यवृंदाचं नेतृत्व करत होती आणि १९४४ मध्ये तिथेच वारली. त्या दोघांचं एकत्र वादन ऐकताना एखादी टिचकी राहिली तर बिघडत नाही.

मुंबईलाही हे संगीत परकं नव्हतं. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला, मग बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. घरात चालणाऱ्या त्या तालमी ऐकत झुबिन मेहता वाढले. पुढे मेहली फिलाडेल्फियाच्या कर्टिस क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवायला गेले. मुंबईच्या वाद्यवृंदांत आणि नंतर सिनेमाच्या स्टुडिओंत गज चालवणारे कितीतरी हात गोव्याच्या चर्चशाळांत घडलेले होते. आपल्याकडच्या ७८च्या तबकड्या जपणारी संग्राहकांची संस्थाही १९९० पासून मुंबईत आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीला आणि बुशच्या तबकडीला लागणारी सुई एकाच डबीतून निघते.

कच्ची प्रत

भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षांचा, त्यामुळे ही मुद्रणं इथे खुली आहेत. युरोपातही. अमेरिकेत २००५ च्या एका गाजलेल्या निकालाने जुन्या तबकड्यांच्या नव्या आवृत्त्या अडवल्या होत्या. २०१८ च्या कायद्यानुसार तिथे १९३८ चा शुबर्ट प्रकाशनानंतर शंभर वर्षांनी मोकळा होईल. हक्क खुला असल्यामुळेच एका मुद्रणाच्या अनेक आवृत्त्या निघतात आणि तुलना करता येते. मला ते भाग्याचं वाटतं.

ते तंत्रज्ञ प्रत्येक बाजूची सुईखालून आलेली, काहीही न काढलेली प्रत वेगळी ठेवतात. संग्रहालयांचाही आता तोच आग्रह असतो: ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि कुठलाही उपचार नाही. आज जी सरसर काढता येत नाही ती उद्याच्या यंत्राला गजापासून वेगळी करता येईलही. पण धुतलेल्या प्रतीतून गेलेला गज परत आणता येणार नाही.

निघण्याआधी मी त्यांना माझ्याकडच्या दोन आवृत्त्या ऐकवल्या. काचेपलीकडच्या आवृत्तीत शुबर्टची थरथर एखाद्या ऑर्गनसारखी सपाट होती. दुसरीत सरसर पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते, दोन ठिकाणी टिचक्याही आहेत. पण हेरमान बुश ती चाल उचलतात तेव्हा आधी केस तारेला लागल्याचा आवाज येतो आणि मग सूर. घरी मी दुसरी ठेवली आहे, आणि कोणी विचारलं तर हीच घ्या असं सांगते.